वटवाघळांमधले कोरोना विषाणू: ९६ टक्के साम्य म्हणजे जवळचं की लांबचं?

चिकित्सक

नमस्कार. जीवशास्त्र बारावीनंतर सुटलं, तेव्हा प्रश्न बाळबोध वाटले तर सांभाळून घ्या.

आरएटीजी१३ हा चीनच्या युनान प्रांतातल्या वटवाघळात सापडलेला विषाणू सार्स-कोव्ह-२ शी, म्हणजे कोविडच्या विषाणूशी, ९६ टक्के जुळतो, हे वाचून वाचून पाठ झालंय. नंतर लाओसमध्ये ९६.८ टक्के जुळणारा बनाल-५२ सापडला. इथवर ठीक. पण मग आरएमवायएन०२ नावाचा आणखी एक निघाला. त्याच्याबद्दल एके ठिकाणी लिहिलंय की तो आरएटीजी१३ पेक्षा जवळचा आहे आणि दुसरीकडे लिहिलंय की बराच लांबचा आहे. दोन्ही लेख जबाबदार माणसांनी लिहिलेले दिसतात. एकच विषाणू एकाच वेळी जास्त जवळचा आणि जास्त लांबचा कसा असेल?

दुसरं, वटवाघळांमध्ये तीन हजारांहून जास्त प्रकारचे कोरोना विषाणू असावेत असा आकडा सतत दिसतो. हे मोजलं कुणी, आणि कसं?

---

स्पष्टवक्ता

यात गूढ काही नाही. आरएनए विषाणू आहे, नक्कल करताना चुका होतात, चुका साठत जातात, झाली विविधता. टक्केवारीवरून पत्रकार मंडळी बातम्या रंगवतात, एवढंच.

---

रात्रपाळी

स्पष्टवक्ता, चुका होतात हे खरं, पण कोरोना विषाणू या बाबतीत बाकीच्या आरएनए विषाणूंपेक्षा बरेच काटेकोर असतात. त्यांच्याकडे चुका दुरुस्त करणारं एक प्रथिन आहे, एनएसपी१४. नक्कल करताना चुकीचं अक्षर लागलं तर ते कापून काढतं. तीस हजारांच्या आसपास अक्षरांचा जीनोम, म्हणजे विषाणूचा सगळा जनुकीय मजकूर (सार्स-कोव्ह-२ चा २९,९०३), सांभाळायचा तर ही सोय हवीच. आरएनए विषाणूंमध्ये एवढा लांब जीनोम फार थोड्यांचा असतो. तेव्हा नुसत्या चुकांवर हिशेब लागत नाही.

चिकित्सक, तुमचा पहिला प्रश्न बाळबोध अजिबात नाही. माझं रोजचं काम अशा विषाणूंचे जीनोम जुळवण्याचं आहे, आणि याच प्रश्नावर आमच्याकडे सर्वात जास्त वाद झडतात. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आरएमवायएन०२ चे आकडे बघा. पूर्ण जीनोम धरला तर सार्स-कोव्ह-२ शी साम्य ९३.३ टक्के, म्हणजे आरएटीजी१३ पेक्षा कमी. पण जीनोमचा पहिला दोन-तृतीयांश भाग, ज्यात नक्कल करण्याची सगळी यंत्रणा असते, तेवढाच घेतला तर साम्य ९७.२ टक्के, म्हणजे आरएटीजी१३ पेक्षा जास्त. आणि स्पाइक प्रथिनाचा पेशीला चिकटणारा भाग घेतला तर साम्य जेमतेम ६१ टक्के. तुम्ही वाचलेले दोन्ही लेख बरोबर आहेत, ते जीनोमच्या वेगवेगळ्या भागांबद्दल बोलतायत. ९३.३ हा त्या सगळ्याचा सरासरी आकडा, आणि माझ्या मते तो सगळ्यात कमी माहिती देतो.

असं होतं ते रिकॉम्बिनेशनमुळे. एकाच वटवाघळाच्या एकाच पेशीत दोन वेगळे कोरोना विषाणू शिरले, तर नक्कल करणारं एन्झाइम एका विषाणूचा धागा वाचता वाचता मध्येच दुसऱ्यावर उडी मारतं. कोरोना विषाणूंना या उड्यांची सवयच असते. आपले छोटे आरएनए संदेश तयार करताना त्यांचं एन्झाइम स्वतःच्याच धाग्यावरही ठरावीक खुणांपाशी उडी घेतं, तो त्यांच्या नेहमीच्या कामाचा भाग आहे. शेजारी दुसरा धागा असला की उडी कधी तिकडे पडते. तयार होणाऱ्या विषाणूचा अर्धा भाग एका घराण्याचा, अर्धा दुसऱ्याचा. पिढ्यान् पिढ्या हे चालल्यावर जीनोमची गोधडी होते, आणि गोधडी किती जुनी असं विचारलं तर आधी कुठल्या ठिगळाबद्दल विचारताय ते सांगावं लागतं.

म्हणूनच २०२० मध्ये बोनी आणि सहकाऱ्यांनी सार्स-कोव्ह-२ आणि आरएटीजी१३ यांच्या वाटा कधी फुटल्या ते मोजताना आधी रिकॉम्बिनेशन झालेले भाग वगळले. तीन वेगवेगळ्या पद्धतींनी भाग निवडले, तर उत्तरं आली साधारण १९४८, १९६९ आणि १९८२. तेव्हा ९६ टक्के म्हणजे ११०० ते १२०० अक्षरांचा फरक आणि काही दशकांची फारकत. नात्यातले म्हणा हवं तर, पण एकाने दुसऱ्याला जन्म दिला असं म्हणण्याइतकं हे अंतर कमी नाही.

आता "वन्य वटवाघळांतली जनुकीय विविधता" म्हणतात ती प्रत्यक्षात कुठे दिसते? कुनमिंगजवळच्या एका गुहेतल्या वटवाघळांचे नमुने विषाणूशास्त्रज्ञ शी झेंगली यांच्या गटाने पाच वर्षं घेतले. ते काम २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. २००२-०३ च्या सार्स विषाणूशी पूर्ण जुळणारा एकही विषाणू त्यांना तिथे मिळाला नाही. पण त्या विषाणूच्या जीनोमचा जवळजवळ प्रत्येक भाग त्या गुहेतल्या कुठल्या ना कुठल्या विषाणूत मिळाला. स्पाइक एकाकडे, ओआरएफ८ हे जनुक दुसऱ्याकडे. मला या विषयात सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं निरीक्षण हेच आहे, आणि टक्केवारीच्या बातम्यांत ते कधीच येत नाही. वटवाघळांमध्ये एक "मूळ विषाणू" दडून बसलाय आणि तो शोधायचाय, ही कल्पनाच तिथे मोडते. तिथे असतो तो भागांचा साठा, आणि तो सतत पिसला जात असतो.

स्पाइकच सगळ्यात जास्त का बदलतं, तेही सांगून टाकते. हे विषाणू मुख्यतः ऱ्हायनोलोफस गटातल्या, नाकावर घोड्याच्या नालासारखी त्वचा असलेल्या वटवाघळांत राहतात. त्यांच्या पेशींवरचा एसीई२ हा ग्राहक, म्हणजे विषाणू ज्याला चिकटून आत शिरतो ते प्रथिन, एकाच जातीच्या वटवाघळांतसुद्धा सारखा नसतो. ऱ्हायनोलोफस सिनिकस या जातीत तर त्याचे बरेच प्रकार सापडले आहेत. कुलूप बदलत राहिलं की किल्लीही बदलते. काही घराण्यांनी तर ही किल्लीच टाकून दिलीय. त्यांच्या स्पाइकच्या चिकटणाऱ्या भागातले दोन तुकडे गळालेले असतात आणि ते माणसाच्या एसीई२ ला चिकटत नाहीत. उलट २०१३ मध्ये वटवाघळातून जिवंत मिळवलेला डब्ल्यूआयव्ही१ माणसाचा एसीई२ आरामात वापरतो. दोघंही एकाच देशातल्या त्याच गटाच्या वटवाघळांतले.

---

चिकित्सक

मनापासून आभार, तिसऱ्यांदा वाचतोय. पण मग एक शंका. एका नमुन्यात दोन विषाणू असतील आणि तुम्ही संगणकावर तुकडे जोडत असाल, तर तुमच्याच जोडणीत दोघांची सरमिसळ होऊन खोटी गोधडी नाही का तयार होणार? खरं रिकॉम्बिनेशन आणि जोडकामातली गफलत यांतला फरक कळतो कसा?

---

रात्रपाळी

नेमक्या दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत.

नमुना म्हणजे बहुतेक वेळा गुदाचा किंवा तोंडाचा स्वॅब, नाहीतर गुहेत अंथरलेल्या प्लास्टिकवर पडलेली विष्ठा. त्यात विषाणूचं आरएनए अगदी नगण्य असतं. बाकी असतात वटवाघूळ, त्याने खाल्लेले किडे, जिवाणू आणि त्या जिवाणूंचे विषाणू. आम्हाला मिळतात ते दीडशे अक्षरांचे तुकडे. दोन विषाणूंमध्ये तीन-चारशे अक्षरांचा एखादा पट्टा हुबेहूब सारखा असेल, आणि नक्कल-यंत्रणेच्या जनुकांत असे पट्टे निघतात, तर जोडणारा प्रोग्रॅम त्या पट्ट्यात शिरतो एका विषाणूचा हात धरून आणि बाहेर पडतो दुसऱ्याचा धरून. कागदावर झकास रिकॉम्बिनंट तयार. निसर्गात तो कुठेच नसतो.

त्यामुळे मी आधी विचारते की नमुना एका वटवाघळाचा की अनेकांचा एकत्र केलेला? अनेकांच्या विष्ठेतून जोडलेला जीनोम आणि त्यावर रिकॉम्बिनेशनचा दावा असं दिसलं की माझा विश्वास निम्म्यावर येतो. मग सांधा, म्हणजे दोन विषाणूंचे भाग जिथे जुळलेत ती जागा, बघायचा. दोन्ही बाजूंना पुरेसे पसरलेले तुकडे खरोखर आहेत का, की सांध्यापाशी येऊन सगळे संपतात? तिथे दोन वेगवेगळी अक्षरं साधारण सारख्या प्रमाणात दिसतायत का? दिसत असतील तर नमुन्यात दोघं जण आहेत. शंका उरली तर सांध्याच्या अलीकडून पलीकडे जाणारा एक लांब पट्टा पीसीआरने वेगळा वाढवून पुन्हा वाचायचा. आणि सर्वात भक्कम पुरावा म्हणजे तोच सांधा दुसऱ्या वटवाघळात, दुसऱ्या वेळी, स्वतंत्रपणे मिळणं. संगणकाची चूक दोन वेगळ्या नमुन्यांत बरोब्बर त्याच अक्षरावर सहसा होत नाही.

एका वटवाघळात खरंच अनेक विषाणू असतात का, याचं उत्तरही आता आहे. २०२३ मध्ये युनानमधल्या १४९ वटवाघळांचा अभ्यास आला. त्यात नमुने एकत्र न करता प्रत्येक वटवाघळाचे विषाणू वेगळे वाचले. एकाच वेळी दोन किंवा अधिक विषाणू बाळगणारी वटवाघळं त्यात सर्रास निघाली. म्हणजे उडी मारायला शेजारी धागा मिळणं दुर्मीळ नाही.

तीन हजारांच्या आकड्यावर रात्री लिहिते, आत्ता यंत्र रिकामं होतंय.

---

गुहाफिरस्ता

मी विषाणूवाला नाही, वटवाघळं मोजणारा. एक बाजू राहिली ती जोडतो.

विविधता समजायला आधी यजमान कोण ते नीट कळायला हवं, आणि तिथेच बऱ्याचदा घोळ असतो. ऱ्हायनोलोफसच्या शंभराहून जास्त जाती आहेत, आणि त्यांतल्या कित्येक हातात धरूनही एकमेकींपासून वेगळ्या ओळखू येत नाहीत. बाहूची लांबी, नाकावरच्या पानाचा आकार, आवाजाची वारंवारता हे सगळं घेऊनही शंका राहते. त्यामुळे "अमुक जातीत तमुक विषाणू" असं लिहिलेलं दिसलं की मी बघतो की वटवाघळाचंही जनुक वाचलंय की नुसतं बघून नाव दिलंय. आफ्रिकेत हिप्पोसिडेरॉस वटवाघळांत आपल्या सर्दीच्या २२९ई या कोरोना विषाणूचे नातलग मिळाले. तिथेही शास्त्रज्ञांना जातीच्या नावापुढे "सदृश" अशी खूण ठेवावी लागली, कारण ते नाव म्हणजे दिसायला सारख्या अनेक जातींचं गाठोडं आहे.

दुसरं म्हणजे नमुना कधी घेतला. जर्मनीत मोठ्या मायोटिस वटवाघळांच्या प्रसूतीच्या वसाहतीचा अभ्यास झाला होता, २०११ मध्ये आला. माद्या एकत्र जमतात तेव्हा, आणि नंतर पिल्लं झाल्यावर पुन्हा, विष्ठेतल्या कोरोना विषाणूंचं प्रमाण एकदम चढतं. पिल्लांना आईकडून मिळालेलं संरक्षण ओसरतं आणि एकदम शेकडो नवे यजमान तयार होतात, असा अंदाज. त्याच छपराखाली चुकीच्या महिन्यात गेलात तर हाती काही लागणार नाही, आणि अहवालात "विषाणू आढळला नाही" असं छापून येईल.

---

स्पष्टवक्ता

मग एवढं सगळं माहीत असताना त्या गुहा रिकाम्या का करत नाहीत? उगाच साठा सांभाळायचा कशाला?

---

गुहाफिरस्ता

करून बघितलंय. युगांडातल्या किटाका खाणीत मारबर्ग या इबोलाच्या कुटुंबातल्या विषाणूच्या भीतीने २००८ च्या सुमारास फळं खाणारी हजारो वटवाघळं मारून काढली. काही वर्षांत खाण पुन्हा भरली. २०१२ मध्ये त्याच भागात मारबर्गची साथ आली, आणि तपासलं तेव्हा खाणीतल्या वटवाघळांत विषाणूचं प्रमाण आधीच्या दुपटीहून जास्त होतं. प्रतिकारशक्ती आलेली जुनी वटवाघळं गेली आणि तिच्याविना आलेली तरुण भरली. कुटुंब वेगळं असलं तरी तुमच्या प्रश्नाला उत्तर पुरेसं आहे.

---

रात्रपाळी

गुहाफिरस्ता, यजमानाच्या नावाचा मुद्दा फार मोलाचा. आम्ही आता वटवाघळाचं मायटोकाँड्रियल जनुक त्याच नमुन्यातून वाचतो. पाकिटावर लिहिलेलं नाव आणि जनुक यांचं नेहमीच पटतं असं नाही.

आता तीन हजारांचा आकडा. अँथनी आणि सहकाऱ्यांचं २०१७ चं काम आहे. वीस देशांतले नमुने, त्यात १२,३३३ वटवाघळं. मिळालेल्या वेगवेगळ्या कोरोना विषाणूंची संख्या शंभराच्या आत. पुढे त्यांनी असं बघितलं की एखाद्या जातीची आणखी वटवाघळं तपासत गेलं तर नवा विषाणू मिळण्याचं प्रमाण कुठे थांबतं. त्यावरून दर जातीमागे सरासरी २.६७ विषाणू धरले, वटवाघळांच्या जाती १,२०० धरल्या, गुणाकार केला, ३,२०४. म्हणजे हा ताणून काढलेला अंदाज आहे, मोजणी नाही, आणि त्यांनी स्वतः तसंच मांडलंय. आज वटवाघळांच्या जातीच १,४०० च्या वर गेल्या आहेत, तेव्हा गुणाकारातला एक आकडा तर तेव्हाच जुना झाला.

पण मला खटकतं ते वेगळंच. हे मोजताना "एक विषाणू" कशाला म्हटलं? अशा मोठ्या सर्वेक्षणांत पूर्ण जीनोम वाचणं परवडत नाही. आरएनएची नक्कल करणाऱ्या एन्झाइमच्या जनुकातला साधारण चारशे अक्षरांचा तुकडा पीसीआरने वाढवतात, कारण तो भाग सगळ्या कोरोना विषाणूंत फारसा बदलत नाही आणि एकाच सापळ्यात सगळे अडकतात. तीस हजारांतली चारशे, म्हणजे दीड टक्कासुद्धा नाही. आणि निवडलाय नेमका तो भाग जो सगळ्यात कमी बदलतो. स्पाइक, जे सगळ्यात जास्त बदलतं आणि ज्यावरून विषाणू कुणाच्या पेशीत शिरेल ते ठरतं, ते या मोजणीत कुठेच नाही. दोन विषाणूंचा हा तुकडा तंतोतंत सारखा आणि स्पाइक पूर्ण वेगळं, असं सहज होतं. मोजणीत ते एकच धरले जातात.

याचं उत्तम उदाहरण खुद्द आरएटीजी१३. नमुना २०१३ चा. २०१६ मध्ये तो एका यादीत ३७० अक्षरांचा तुकडा म्हणून छापून आला, ४९९१ या क्रमांकाने, आणि फारसं कुणी लक्ष दिलं नाही. २०२० मध्ये पूर्ण जीनोम समोर आला तेव्हा तो कशाचा सख्खा आहे ते कळलं.

बरं, अधिकृत वर्गीकरणही मदतीला येत नाही. सार्स आणि सार्स-कोव्ह-२ यांचं जीनोम-साम्य ७९ टक्क्यांच्या आसपास, आजार वेगळे, साथींचं स्वरूप वेगळं. तरीही ते आणि वटवाघळांतले हे सगळे भाऊबंद मिळून जाती एकच, कारण जात ठरते नक्कल-यंत्रणेच्या प्रथिनांवरून. त्यामुळे "किती प्रकार" या प्रश्नाला मी आकड्याने उत्तर देतच नाही.

तुकड्यांवर विसंबलं की यजमानाच्या बाबतीतही फसगत होते. मर्स हा माणसाला गंभीर आजारी करणारा आणखी एक कोरोना विषाणू, त्याचे नातलग मर्ससारखेच डीपीपी४ हा ग्राहक वापरत असतील असं गृहीत धरलं होतं. दक्षिण आफ्रिकेतल्या एका वटवाघळातला निओकोव्ह हा मर्सचा अगदी जवळचा, जीनोमचा बराचसा भाग जुळतो. २०२२ मध्ये कळलं की तो वटवाघळांचा एसीई२ वापरतो, म्हणजे सार्सवाल्यांचा दरवाजा. नक्कल-यंत्रणेचा तुकडा बघून हे कुणाच्या बापजन्मात कळलं नसतं.

आणि ९६.८ वाल्या बनाल-५२ बद्दल. उत्तर लाओसमधल्या चुनखडीच्या डोंगरांत ६४५ वटवाघळं तपासली, त्यात तो ऱ्हायनोलोफस मलायानस जातीत मिळाला. त्याच कामात बनाल-१०३ आणि बनाल-२३६ हे दुसऱ्या दोन जातींत मिळाले. तिघांच्या स्पाइकचा चिकटणारा भाग सार्स-कोव्ह-२ च्या इतका जवळ की एसीई२ ला प्रत्यक्ष भिडणाऱ्या जागांमध्ये फरक मोजून एक-दोन. माझ्या दृष्टीने बातमी ही होती. तीन जाती, तीन विषाणू, जवळपास एकच किल्ली. ती किल्ली या जातींमध्ये हातोहात फिरतेय. सार्स-कोव्ह-२ च्या स्पाइकवर असलेली, फ्युरिन या पेशीतल्या एन्झाइमने कापली जाणारी जागा मात्र त्यांच्यापैकी एकातही नाही.

---

चिकित्सक

म्हणजे पुढच्या वेळी "९७ टक्के जुळणारा विषाणू सापडला" अशी बातमी आली तर मी पहिलं काय बघू?

---

रात्रपाळी

मूळ लेखात एक आलेख असतो. आडव्या अक्षावर जीनोमची जागा, उभ्यावर साम्य, आणि प्रत्येक विषाणूची एकेक रेघ वरखाली होत जाते. तो बघा. सगळ्यात वरची रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच विषाणूची आहे की मध्येच बदलते? बदलत असेल तर कुठे बदलते, स्पाइकच्या आधी की आत? मग नमुना एका वटवाघळाचा की एकत्र केलेला, ते पद्धतीच्या भागात मिळेल.

आणि नमुना कधी गोळा केला त्याचं वर्ष बघायला विसरू नका. कंबोडियातल्या ऱ्हायनोलोफस शामेली वटवाघळांतले ९२.६ टक्के जुळणारे दोन विषाणू जगासमोर आले साथ सुरू झाल्यानंतर, पण स्वॅब घेतले होते २०१० मध्ये. शून्याखाली ऐंशीच्या फ्रीझरमध्ये असे अजून बरेच डबे आहेत.